आंबा मेमध्ये विकायचाय? मग ऑगस्टमध्ये लिहायला बसा

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. आंबा तोडायचा, पेट्या भरायच्या, ट्रकला लावायच्या आणि वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की भाव काय लागला ते बघायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ती अडकली. त्या वर्षी मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांनी व्हॉट्सॲपवर याद्या केल्या आणि कोकणातून थेट टेम्पो मागवले. आपला आंबा नेमका कोण खातं, हे कितीतरी बागायतदारांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. आम्हालाही.

तेव्हापासून फोन, इन्स्टाग्राम आणि ब्लॉग हे खातं घरात माझ्याकडे आहे. झाडं सासऱ्यांकडे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. दरवर्षी होळीच्या सुमाराला कुणी ना कुणी येऊन म्हणतं, "वहिनी, आमचं पण पेज काढून द्या ना." पेज दहा मिनिटांत काढून होतं. पण होळीला काढलेल्या पेजवरून अक्षय्यतृतीयेला आंबा खपत नाही, हे सांगताना प्रत्येकाचा चेहरा पडतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. तुमचा माल आंब्याऐवजी काजूगर, कोकमाचं आगळ किंवा आंबोळीचं पीठ असेल, तर महिने बदला. बाकी काम तेच.

आधी वहीत आकडा लिहा

पहिल्या वर्षी सगळी बाग फोनवर विकायला निघू नका. दहातल्या दोन पेट्या थेट, आठ नेहमीच्या वाटेने, हा आमचा पहिल्या हंगामाचा हिशेब होता आणि तोही झेपता झेपेना. दलालाला ट्रकभर माल दिला की एक फोन पुरतो. थेट विक्रीत प्रत्येक पेटीमागे एक घर असतं: पत्ता चुकलेला, लिफ्ट बंद असलेली, "आज नको, आम्ही गावाला गेलोय" म्हणणारं. पन्नास पेट्या म्हणजे अशी पन्नास घरं. किती घरं सांभाळता येतील तो आकडा आधी ठरवा, आणि तेवढेच लोक गोळा होतील इतकीच जाहिरात करा.

नवं सिम आणि व्हॉट्सॲप बिझनेस

घरच्या नंबरावर धंदा करू नका. नवं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप टाका. फुकट आहे. त्यात तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करून ठेवा.

एक, कॅटलॉग. दोन डझनाचा खोका, पाच डझनाची पेटी असं वेगवेगळं टाका आणि प्रत्येकात फळाचं साधारण वजन लिहा. नुसतं "मोठं फळ" लिहिलंत तर तुमचं मोठं आणि ठाण्यातल्या काकूंचं मोठं यावरून भांडण ठरलेलं.

दोन, तयार उत्तरं. "भाव काय?", "कधी येईल?", "पिकलेला आहे की कच्चा?" हे तीन प्रश्न एका हंगामात शेकडो वेळा येतात. त्यांची उत्तरं ॲपमध्ये साठवून ठेवता येतात.

तीन, लेबलं. आमची चार आहेत: पैसे आले, पेटी गेली, पोचली, तक्रार. हंगामात रात्री अकरा वाजता ही लेबलंच घर वाचवतात.

एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायला ब्रॉडकास्ट यादी असते. तिच्यात एका वेळी २५६ जण बसतात, पण मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे. हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला. मला वाटायचं लोक वाचून गप्प बसतात. आता प्रत्येक पेटीत वर एक चिठ्ठी असते: "पुढच्या वर्षी आंबा तयार झाल्याचं कळवू. हा नंबर साठवून ठेवा." ग्रुप मात्र काढू नका. न विचारता शंभर अनोळखी माणसं एकत्र कोंबली की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिथे आपले फ्लॅट विकायला लागतं.

नकाशावर बाग

लोक बागेत येऊन आंबा नेत असतील, तर गूगलवर व्यवसायाची नोंद करा. तीही फुकट. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आत चालणारं काम. पाटी नसेल तर आधी रंगवून घ्या. मालवण किंवा विजयदुर्ग किल्ला बघायला आलेला पर्यटक फोनवर "जवळपास हापूस" शोधतो, तेव्हा तुमचं नाव दिसतं ते या नोंदीमुळे.

अभिप्राय मागायची वेळ आंबा पोचल्याची नव्हे, खाऊन झाल्याची. पोचल्यावर सहा-सात दिवसांनी विचारते. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा फुकट आंबा देणं गूगलच्या नियमात बसत नाही, शिवाय वाचणाऱ्याला असे अभिप्राय लगेच ओळखू येतात. सगळे पाच तारे आणि सगळ्यांची भाषा एकसारखी.

फोटो, रील आणि झाडाचं वेळापत्रक

"रोज काय टाकू?" हा नवख्यांचा पहिला प्रश्न. बागायतदाराला तो पडायचं कारण नाही, झाडच रोज काहीतरी करत असतं. पावसाळ्यात आळी, खतं, बेणणी. थंडी पडली की पालवी की मोहोर हा जीवघेणा प्रश्न. मग मोहोर, तुडतुडे, कणी. पुढे फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं, सुपारीएवढं, अंड्याएवढं. या प्रत्येक टप्प्याचा एक फोटो, त्याच कलमाचा, त्याच फांदीचा, शक्यतो त्याच जागेवरून काढलेला. आमच्या विहिरीजवळच्या कलमाला आता गिऱ्हाईकंच ओळखतात. "विहिरीवालीला किती लागलेत?" असा मेसेज दादरहून येतो.

फोटो सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर काढा. त्याआधी फोनची काच सदऱ्याला पुसा. हसू नका, निम्मे धुरकट फोटो चिकाच्या बोटांमुळे असतात. इंटरनेटवरून उचललेला लालबुंद आंब्याचा फोटो तर चुकूनही टाकू नका. हापूस तसा दिसत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच निघून जातं.

रील लागते, कारण अनोळखी माणसापर्यंत इन्स्टाग्राम तुम्हाला पोचवतं ते मुख्यतः रीलमधून. आमची सगळ्यात जास्त पाहिली गेलेली रील वीस सेकंदांची आहे: झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा देठासकट काढला, झेला खाली आला, आबांनी आंबा अलगद क्रेटमध्ये ठेवला. आवाज पानांचा आणि त्यांच्या खोकल्याचा. गाणं नाही. एरवी मीही गाणं लावलं असतं, पण इन्स्टाग्रामवर व्यवसाय खातं केलं की चित्रपटांची लोकप्रिय गाणी बहुतेक मिळतच नाहीत. धंद्यासाठी ती वापरायचा हक्क आपल्याकडे नसतो. देठ का ठेवायचा, हे खाली दोन ओळींत लिहिलं: देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि आंबा तिथूनच कुजायला लागतो. त्या दोन ओळींखालीच सगळे प्रश्न आले.

फेसबुक म्हाताऱ्यांचं झालं असं मुलं म्हणतात. होऊ दे. पाच डझनाची पेटी मागवणारी माणसं त्याच वयाची आहेत.

वाईट बातमीसुद्धा टाका

आता आमच्या फसलेल्या वर्षाबद्दल. डिसेंबरात मोहोर असा फुटला होता, की पान दिसेना. मी उत्साहात फोटो टाकले, "बुकिंग सुरू" लिहिलं आणि आगाऊ पैसेही घेतले. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, मागोमाग करपा हा बुरशीचा रोग. मोहोर काळा पडून गळाला. मी काय केलं? काहीच टाकलं नाही. दीड महिना पेज गप्प. एप्रिलमध्ये लोकांनी विचारायला सुरुवात केली, तेव्हा एकेकाला फोन करून पैसे परत केले. एका काकूंनी पैसे घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "नसला आंबा तर नसला गं, पण आधी सांगायचंस ना. मी मुलीच्या सासरी पेटी पाठवते म्हणून कळवून बसले." त्या परत आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा पहिला मोहोर करपला. या वेळी मी त्याच दिवशी काळ्या पडलेल्या तुऱ्याचा फोटो टाकला आणि लिहिलं, की पहिल्या मोहोराचा माल जवळपास गेला, दुसऱ्यावर भरवसा आहे, पेट्या मेच्या दुसऱ्या आठवड्याआधी मिळणार नाहीत, ज्यांना थांबायचं नाही त्यांनी कळवा. आबा पडवीत बसून बघत होते. म्हणाले, "मोहोर करपलो तां अख्ख्या गावाक कित्याक सांगतंस गो?" त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं, बाजारात माल कमी आहे हे आपणहून सांगायचं नसतं. पण इथे समोर दलाल नव्हता. तिघांनी नावं काढून घेतली. बाकीचे थांबले, आणि मेमध्ये भाव चढा असतानाही कुणी घासाघीस केली नाही. आता आबाच संध्याकाळी विचारतात, "आज काय टाकलंस?"

ब्लॉग कशाला?

इन्स्टाग्रामवरची गोष्ट दोन दिवसांत खाली जाते. पण "पेटी आल्यावर काय करायचं" हा प्रश्न दर एप्रिलला नव्याने येतो. एकदा नीट लिहून ठेवलं, की दरवर्षी नुसता दुवा पाठवायचा. शिवाय गूगलवर शोधणाऱ्याला तो लेख सापडतो, आणि त्या वाटेने आलेला माणूस तुमचं चार ओळी वाचून आलेला असतो. त्याला भाव कमी करून मागायची घाई नसते.

सुरुवात गूगलच्या ब्लॉगरवर करा. पैसे लागत नाहीत. स्वतःच्या नावाचा वेबपत्ता (डोमेन) वर्षभराने घेतला तरी चालतो. फक्त नाव आत्ताच असं ठेवा, की फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता येईल.

विषय शोधायला डोकं खाजवू नका. मागच्या हंगामातले व्हॉट्सॲपचे मेसेज उघडा आणि तीनपेक्षा जास्त वेळा आलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा. आमचे पहिले पाच लेख असेच झाले: पेटी आल्यावर काय करायचं, साका म्हणजे काय, कच्चा आंबा फ्रिजमध्ये का ठेवायचा नाही, कर्नाटकातला आंबा आणि कोकणातला हापूस यांत फरक कसा करायचा, साल सुरकुतलेला आंबा खराब असतो का. (नसतो. बहुतेकदा तोच गोड निघतो.) शीर्षक गिऱ्हाईकाच्या तोंडचं ठेवा. "आम्रफलाची साठवणूक" असं काही कुणी शोधत नाही.

लिहायचं कसं, ते दाखवते. माझ्या पहिल्या लेखाची सुरुवात अशी होती: "कोकणच्या लाल मातीत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावर डोलणारा फळांचा राजा…" अशी वाक्यं हल्ली कॉम्प्युटरला सांगितलं की तोही पाडून देतो, आणि सगळ्या आंबेवाल्यांच्या पेजवर तीच असतात. तोच लेख मी पुढे असा बदलला:

"पेटी आल्या आल्या उघडा, रात्रभर बंद ठेवू नका. आतलं गवत फेकू नका. पिवळसर आणि हिरवे आंबे वेगळे करा. हिरवे त्याच गवतात एका थरात पसरा, पंख्याखाली नको, फ्रिजमध्ये तर नकोच. रोज संध्याकाळी एकदा नाकाने बघा. देठाजवळ वास सुटला आणि अंगठ्याखाली आंबा किंचित दबला, की तो त्या रात्रीचा."

हा लेख चालतो, कारण पेटी समोर ठेवून वाचता येतो.

तांत्रिक गोष्टी तीनच. मराठी युनिकोडमध्ये लिहा, म्हणजे फोनच्या साध्या मराठी कीबोर्डवर; छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर गूगलला वाचता येत नाही. भाव, पत्ता, फोन नंबर नुसते पोस्टरच्या चित्रात कोंबू नका, खाली अक्षरांत लिहा, नाहीतर कुणाला तो नंबर कॉपीही करता येत नाही. आणि लेखाच्या दुव्यात इंग्रजी अक्षरं ठेवा. मराठी अक्षरांचा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला, की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक शेपटी दिसते आणि लोक घाबरून उघडत नाहीत.

महिन्याला एक लेख पुरतो. जून ते ऑगस्ट हातात वेळ असतो, तेव्हाच चार लिहून ठेवा. एप्रिलमध्ये तुम्ही जेवायलाही बसत नाही, लिहिणार कधी?

काय लिहायचं नाही

कोकणातल्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते चिन्ह वापरायचं तर बागायतदाराने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी नसेल तर चिन्ह टाकू नका. आधी नोंदणी करून घ्या, तो एक चांगला लेखही होईल. तुडतुड्यांवर फवारणी करत असाल तर "सेंद्रिय", "केमिकल फ्री" असले शब्दही नकोत. आम्ही सरळ लिहितो: फवारणी करतो, तोडणीआधी किती दिवस थांबवतो, पिकवतो मात्र अढीत, गवतात. कार्बाईडने फळं पिकवायला बंदी आहे, हे बहुतेक गिऱ्हाइकांना माहीत असतं आणि ते विचारतातच. त्यांना अढीचा व्हिडिओ दाखवा. आंबावडी, मावा, लोणचं असा तयार माल विकत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करा आणि तो चौदा आकडी नंबर पाकिटावर छापा.

पैसे आणि ठग

एप्रिलमध्ये एक फोन हमखास येतो. समोरचा सैन्यातला अधिकारी असल्याचं सांगतो, वीस पेट्या एकदम मागतो, भाव विचारतही नाही. मग म्हणतो, आमच्याकडे पैसे वेगळ्या पद्धतीने जातात, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा. स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमचेच जातात. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या, विशेषतः तुम्ही बागेत असताना फोन उचलणाऱ्याला. फसलात तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

दुसरा ठग तुमचे फोटो चोरून तुमच्याच नावाचं पेज काढतो आणि आगाऊ पैसे गोळा करतो. पैसे कोणत्या नावाच्या खात्यावर घेता ते पेजवर वरतीच लिहून ठेवा. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हीला टू-स्टेप पडताळणी लावा. "तुमच्या पेजने कॉपीराइट मोडलाय, २४ तासांत या दुव्यावर लॉगिन करा" असा मेसेज आला, तर तो उडवा.

साका निघाला तर

निघणारच. वरून सोन्यासारखा आंबा, कापला तर कोयीजवळ पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. बाहेरून ओळखता येत नाही. तोडलेलं फळ तापलेल्या जमिनीवर, उन्हात पडून राहिलं की साका वाढतो, म्हणून तोडणी सकाळी आणि माल लगेच सावलीत, एवढंच आपल्या हातात. हे साक्याच्या लेखात आम्ही आधीच लिहून ठेवलंय. तरी तक्रार आली की लेखाचा दुवा तोंडावर फेकू नका. मी कापलेल्या फळाचा फोटो मागते, आणि जितकी फळं खराब, तितक्यांचे पैसे त्याच दिवशी परत करते किंवा पुढच्या पेटीत तेवढी जास्त घालते. तक्रार पेजवर सगळ्यांसमोर केली असेल, तर उत्तरही तिथेच, दोन ओळींत: "माफ करा, साका होता. चार फळांचे पैसे पाठवले आहेत." वाद घालायचा असेल तर तो फोनवर. शक्यतो तिथेही नको.

पैसे देऊन जाहिरात

पहिल्या वर्षी गरज नाही. नंतर करायचीच, तर मार्चच्या शेवटी चार-पाच दिवस, थोडक्या पैशांत, आणि फक्त तिथे जिथे तुमचा टेम्पो जातो. आमचा टेम्पो ठाणे, डोंबिवली आणि पुण्यात कोथरूडपर्यंत जातो. नागपूरला जाहिरात दाखवून काय करू? जाहिरातीसाठी पेजवर आधीच जास्त चाललेली रील घ्या, खाली व्हॉट्सॲपचं बटण लावा. माल संपत आला की जाहिरात बंद करायला विसरू नका. मी विसरले होते. आठ दिवस लोकांना "संपला हो" सांगत बसले आणि त्याचे पैसेही मीच भरले.

किती लाइक आले ते मोजू नका. प्रत्येक ऑर्डरला एक प्रश्न विचारा, "आमच्याबद्दल कुठून कळलं?", आणि वहीत खूण करा. आमच्या वहीत सगळ्यात जास्त खुणा "शेजाऱ्यांकडे खाल्ला" याखाली आहेत, त्याखालोखाल व्हॉट्सॲपचं स्टेटस, मग ब्लॉग. इन्स्टाग्राम चौथं. म्हणून पेटीत आम्ही आता चिठ्ठ्या दोन घालतो: एक घरची, एक शेजाऱ्यांना द्यायला.

मृगाचा पाऊस लागला आणि शेवटची पेटी गेली, की सगळ्यांना एक मेसेज: यंदाचा आंबा संपला, आता मार्चमध्ये भेटू. त्यात नवीन काही विकू नका. मग ती वही काढा, हंगामातले प्रश्न पुन्हा उतरवा आणि बाहेर पाऊस कोसळत असताना पहिला लेख सुरू करा. आमच्या वहीत यंदा पहिला प्रश्न आहे: "आंबा पिकला की देठाजवळ काळा का पडतो?" आबांना विचारलंय. ते म्हणाले, उद्या सांगतंय.